कामठ्याचा उठाव आणि न्याय्य युद्धाचा प्रश्न

वैनगंगेच्या पूर्वेस, आज गोंदिया जिल्ह्यात गेलेले परंतु १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडणारे कामठा हे गाव इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांतून क्वचितच डोकावते, आणि जेथे डोकावते तेथेही नागपूरजवळच्या कामठी छावणीशी त्याची गल्लत केली जाते. परंतु सप्टेंबर १८१८ मध्ये, म्हणजे पुण्यास पेशवाई संपून व नागपुरास भोसल्यांच्या गादीवर इंग्रजांच्या पसंतीचा राजा बसून काही महिने लोटल्यावर, याच कामठ्याचा व वारासिवनीचा जमीनदार चिमणा पटेल पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांचे निशाण घेऊन उभा राहिला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याचा कोट हल्ला करून घेतला आणि चिमणा पटेल हाती लागला. त्याची जमीनदारी जप्त होऊन ती इंग्रजांच्या उपयोगी पडलेल्या एका लोधी घराण्यास बहाल झाली. एवढीच ही हकीकत. मात्र परकीयाने देश व्यापला असता शस्त्र उचलणे धर्म्य आहे काय, आणि असल्यास कोणी, केव्हा व कोणत्या मर्यादेत, हा जो प्रश्न मनुष्यजातीस आजही सुटलेला नाही, तो या लहानशा प्रकरणात सर्व बाजूंनी येऊन मिळाला आहे. म्हणून भंडाऱ्याच्या या कोपऱ्यात थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की १८१८ साली ज्या भूमीवर इंग्रजांनी कबजा केला, ती त्यापूर्वी कोणाच्याही कबज्यात गेली नव्हती असे मुळीच नाही. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्यांपैकी बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लामचा स्वीकार केला, नागपूर शहर वसविले, आणि त्याच्याच अमलात राजाखान पठाणाने तुमसरजवळच्या सातपुड्याच्या रांगेत अंबागड बांधला. पुढे चांद सुलतान वारल्यावर देवगडच्या वारसांत कलह माजला, राणीने रघुजी भोसल्यांस मदतीस बोलाविले, आणि मदतीस आलेला पाहुणा घरधनी होऊन बसला. रघुजींनी गोंड राजास ठार केले नाही, त्याचा समूळ उच्छेद केला नाही. त्यास नागपुरातच वर्षासन लावून देऊन राजपदाचा मान राखला, आणि भोसल्यांच्या राज्याभिषेकाचा टिळा गोंड राजाने लावावा असा रिवाजही ठेवला. हे औदार्य खरे, परंतु सत्ता गेली ती गेलीच. ज्या अंबागडावरून गोंडी अमलाचे चौकीपहारे चालत, तो मराठी अमलात कैदखाना झाला. तेथे टाकलेल्या कैद्यांस किल्ल्यातील बावडीचे साचलेले, कुजलेले पाणी प्यावयास लावीत आणि त्या पाण्याने ते मरत, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरांनी करून ठेवली आहे. विजेत्याने जिताविषयी लिहिलेले सर्वच काही प्रमाण मानू नये हे मला मान्य आहे, तरीही तो गड चढून गेलेल्या माणसास हे केवळ किटाळ वाटत नाही.

आणि आपण मराठी माणसांनी याहूनही कठीण एक गोष्ट उच्चारावयास शिकले पाहिजे. ज्या खजिन्यास वैनगंगेकाठचे धान पोसत होते, त्याच खजिन्याच्या बळावर १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे भोसल्यांच्या फौजा बंगाल्यावर चालून जात होत्या. त्या फौजांतील बारगिरांचे बंगाली घरांतून जे स्मरण उरले, ते रडणाऱ्या मुलांना निजविण्याच्या धाकात उरले; आणि गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ मध्ये महाराष्ट्रपुराण रचले, त्यात मराठ्यांच्या हातून गावोगाव झालेल्या लुटीचे, जाळपोळीचे व स्त्रियांवरील अत्याचारांचे जे वर्णन आहे, ते वाचताना मान खाली घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. १७५१ च्या तहाने ओडिशा प्रांत भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लक्ष रुपये ठरले. या युद्धास काय कारण होते? बंगालच्या रयतेने भोसल्यांचा कोणता अपराध केला होता? चौथाईचा हक्क छत्रपतींच्या सनदेने आला, असे कायदेशीर उत्तर दप्तरात सापडेल. परंतु सनद एकाने एकास दिलेली असते, आणि तिची किंमत जो चुकवितो त्याचे नाव तिच्यावर नसते. आमच्या पूर्वजांच्या त्या स्वाऱ्या न्याय्य नव्हत्या, हे म्हटल्यावाचून १८१८ च्या अन्यायाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, अशी माझी निश्चित समजूत आहे.

याच बंगालच्या प्रकरणात एक असा प्रसंग आहे, की ज्याचा विचार मराठी वाचकाने आवर्जून करावा. मार्च १७४४ मध्ये नबाब अलीवर्दीखानाने तहाचे बोलणे करण्याच्या मिषाने भास्करराम कोल्हटकर या भोसल्यांच्या सेनापतीस मानकरा येथील मुक्कामी भेटीस बोलाविले आणि तंबूतच त्याची व त्याच्याबरोबरच्या सरदारांची कत्तल केली. आपल्या बखरी व इतिहास यास एकमुखाने विश्वासघात म्हणतात. आणि विश्वासघात तो होताच. परंतु अलीवर्दीखानाच्या रयतेच्या दृष्टीने पाहिले, तर देश उद्ध्वस्त करणाऱ्या, संख्येने व वेगाने आपल्यास भारी असलेल्या शत्रूचा सेनापती भेटीच्या तंबूत मारून देश वाचविण्याचा तो उपाय होता. प्रतापगडच्या पायथ्याशी १६५९ मध्ये जे घडले, त्याच्याशी हे प्रकरण सर्वांशी सारखे नाही, कारण पहिला वार कोणी केला याविषयी प्रतापगडच्या बाबतीत आपल्याकडचे पुरावे स्पष्ट बोलतात. पण ज्या युक्तिवादाने आपण एकास धर्म्य ठरवितो, तोच युक्तिवाद दुसऱ्याने केला असता आपण ऐकून घेऊ काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

लोकमान्य टिळकांनी जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात अफजलखानाच्या वधाची नैतिक मीमांसा केली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की सामान्य माणसास लागू असलेले नियम महापुरुषास तसेच्या तसे लागू होत नाहीत आणि स्वतःच्या पोटासाठी नव्हे तर लोकहितासाठी, फलाची आसक्ती न धरता केलेल्या हिंसेचे पाप लागत नाही. पुढे मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हा निष्काम कर्माचा विचार त्यांनी अफाट विद्वत्तेने विस्तारिला. टिळकांविषयी मला अपार आदर आहे, तरी ही कसोटी मला अपुरी वाटते. कर्त्याचे मन निर्मळ होते किंवा नव्हते, याचा साक्षी कर्त्यावाचून दुसरा कोणी असू शकत नाही. आणि आपल्या मनाची निर्मळता पटलेली नसेल असा विजेता जगाच्या इतिहासात शोधूनही सापडावयाचा नाही. युद्धाच्या न्यायाचा साक्षी बाहेर असला पाहिजे. तो युद्ध पुकारणाऱ्यांत नसून, ज्याच्या शेतातून दोन्ही फौजा जातात त्या माणसांत आहे. आणि या झाडीपट्टीच्या, म्हणजे वैनगंगेकाठच्या या मुलखाच्या, इतिहासात तो मला धानाच्या बांधीत उभा असलेला दिसतो.

त्या माणसाने भोसल्यांच्या शेवटच्या काळात काय भोगले? १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजीच्या हातून कटक व वऱ्हाड हे दोन्ही प्रांत गेले. उत्पन्न घटले, परंतु दरबाराचा व फौजेचा खर्च घटला नाही. तो उरलेल्या मुलखातून, म्हणजे मुख्यतः नागपूर व वैनगंगेच्या खोऱ्यातून, वसूल होऊ लागला, आणि राजाने स्वतः सावकारी व व्यापार असा काही मांडला, की लोक त्यास ‘बडा बनिया’ म्हणू लागले. वरून पेंढाऱ्यांच्या धाडी. त्यांच्या भयाने या मैदानात गावोगाव मातीच्या गढ्या उठल्या, आणि राज्याने रक्षण करावयाचे ते काम पाटलाच्या व गावकऱ्यांच्या अंगावर पडले. जे राज्य कर पुरता घेते आणि रक्षण पुरते करीत नाही, त्याच्यासाठी मरण्याचे ऋण रयतेच्या डोक्यावर कितपत राहते? माझ्या मते फार थोडे राहते. चिमणा पटेलाच्या मागे त्या मुलखातली सारी गावे उठली असे कोणी समजू नये, आणि उठली नाहीत म्हणून त्या गावांस दोषही देऊ नये.

१८१६ च्या मार्चात दुसरा रघुजी वारला. त्याचा मुलगा परसोजी शरीराने व बुद्धीने असमर्थ होता. चुलतभाऊ अप्पासाहेब कारभारी झाले, आणि राजवाड्यातील प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठी त्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, सालीना साडेसात लक्ष रुपयांच्या बोलीवर. म्हणजे ज्या फौजेशी पुढे त्यांना लढावे लागले, ती त्यांनीच आणविली होती. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी एके सकाळी बिछान्यात मृत आढळला, अप्पासाहेब राजे झाले, आणि हा खून त्यांनी करविला हा आरोप इंग्रजांनी पुढे त्यांच्यावर ठेवला. नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीची लढाई होऊन गेल्यावर, पेशव्याने पाठविलेली खिलत व जरीपटका त्यांनी दरबार भरवून स्वीकारला. २६ तारखेच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पदरच्या अरब शिपायांनी शौर्य गाजवूनही ती लढाई हातची गेली. डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज आली, राजे स्वतः रेसिडेन्सीत जाऊन स्वाधीन झाले, आणि अरब मात्र त्यानंतरही शहर धरून आठवडाभर लढले.

हे युद्ध न्याय्य होते काय? युरोपातील धर्मशास्त्रज्ञांनी, विशेषतः तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनस याने, न्याय्य युद्धास तीन गोष्टी लागतात असे सांगितले: पुकारणाऱ्यास अधिकार, पुकारण्यास योग्य कारण, आणि शुद्ध हेतू. अप्पासाहेबांपाशी अधिकार होता. तैनातीच्या फासातून राज्य मोकळे करणे हे कारणही योग्य होते, कारण बळाने किंवा मोहाने पत्करलेली गुलामगिरी तह म्हणून लिहून दिली तरी ती चिरंतन बंधनकारक होत नाही. हेतूविषयी मात्र माझे मन ग्वाही देत नाही. गादीसाठी ज्याने परक्यास घरात घेतले आणि गादी मिळाल्यावर त्यास बाहेर काढावयास निघाला, त्याच्या लढ्यात देशाचे स्वातंत्र्य हा हेतू नव्हताच असे नाही, पण तो एकटाही नव्हता. सीताबर्डीवर पडलेल्या अरब व मराठी शिपायांविषयीचा आदर त्यामुळे तिळमात्र उणा होत नाही. राजाच्या अंतःकरणाचा हिशेब शिपायाच्या नावे मांडता येत नाही.

यानंतर जे घडले तेथे या कथेचा नैतिक गाभा आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांस, पेशव्याशी संधान व डोंगरातील गोंडांस चिथावणी या आरोपांवरून, कैद केले. उत्तरेकडे नेत असता मे महिन्यात जबलपूरच्या वाटेवर, पहाऱ्याच्या काही शिपायांच्याच मदतीने, ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले. त्याच महिन्यात चांद्याचा किल्ला, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडल्यावर, इंग्रजांच्या हाती आला. जूनच्या अखेरीस राजधानीत दुसऱ्या रघुजीच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसविला गेला, आणि त्याच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्स राज्य करू लागला. वैनगंगेच्या काठी पवनीचा कोट याच वर्षी हल्ला करून घेण्यात आला. आणि पावसाळा सरता सरता कामठ्याची पाळी आली.

इंग्रजांच्या लेखी चिमणा पटेल बंडखोर होता, कारण नागपुरास विधिपूर्वक राजा बसला होता आणि जमीनदाराची निष्ठा गादीकडे असते, गादीवरून उतरलेल्या माणसाकडे नव्हे. हा युक्तिवाद वरवर सबळ आहे, परंतु ज्याने राजा उतरविला त्यानेच राजा बसविला, आणि बसविलेला राजा हुकूम देण्याच्या वयाचाही नव्हता, हे त्यातून गाळले आहे. कबजेदाराने स्वतःच्या सोयीसाठी उभारलेली सत्ता ही प्रजेची सत्ता होत नाही. ती मान्य न करण्याचा हक्क प्रजेस राहतो. नेमका हाच पेच पुढे फ्रान्समध्ये १९४० नंतर पडला, जेव्हा जर्मनांच्या कृपेवर चालणाऱ्या व्हिशीच्या सरकारने प्रतिकार करणाऱ्यांस गुन्हेगार म्हटले, आणि जगाने कालांतराने त्या गुन्हेगारांस देशभक्त म्हटले. चिमणा पटेल कुणबी होता, या भूमीत नांगर धरणाऱ्यांच्या जातीचा. त्याच्यापाशी ना सीताबर्डीच्या अरबांसारखे कसलेले सैन्य होते, ना अप्पासाहेब परत येतील याची शाश्वती. शस्त्र उचलण्याचा अधिकार त्याला होता, आणि त्याचा उठाव, राजाच्या नोव्हेंबरातील युद्धाहून अधिक, न्याय्य होता, असे मी म्हणतो. कारण राजाने आपली गादी राखण्यासाठी युद्ध केले, पण याने आपली सुरक्षित असलेली जमीनदारी पणास लावली.

तथापि अधिकार असणे आणि तो वापरणे शहाणपणाचे व दयेचे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाद्रपद सरण्याचे ते दिवस. वैनगंगा व बाघ भरलेल्या. आषाढात रोवलेले धान निसवण्याच्या बेतात, बांधीत पाणी धरून ठेवण्याची हीच वेळ. अशा वेळी गावांतून शिबंदी उभी करणे म्हणजे पाटाचे पाणी फिरविणारे हात काढून घेणे; आणि त्यावर फौज चालून येणे म्हणजे बांध फुटणे, बैल वेठीस जाणे, कोठीतले जुने धान्य लुटले जाणे. न्याय्य युद्धाच्या शास्त्रात यश येण्याची वाजवी आशा असावी अशी एक अट सांगितली आहे. ती भित्र्यांनी घातलेली अट नाही, ती या बांधीतल्या माणसाकडे पाहून घातलेली आहे. चांदा पडला होता, पवनीचा कोट पडत होता, पुणे पडले होते. कामठ्याच्या कोटाने इंग्रजी तोफा थोपविण्याची आशा कितीशी होती? चिमणा पटेलास मी निर्दोष ठरवितो, पण त्या हल्ल्यात कोटाच्या भिंतीआड जे मेले त्यांचे दुःख त्यामुळे हलके होत नाही.

आता कबजेदाराकडे वळू. कामठ्यासच ठाणे करून कॅप्टन विल्किन्सनने या मुलखाचा कारभार पाहिला. पुढे १८२० च्या सुमारास ते ठाणे भंडाऱ्यास हलले आणि तेथून आजच्या जिल्ह्याची घडी बसू लागली. जेंकिन्सच्या अमलात वसुलाचा अतिरेक आटोक्यात आला, पेंढाऱ्यांचे भय गेले, गढ्यांचे बुरूज ढासळले तरी ते पुन्हा बांधावे लागले नाहीत. १८२७ सालचा त्याचा नागपूर राज्याचा अहवाल वाचणाऱ्यास त्या माणसाची मेहनत व समज मान्य करावीच लागते. मग या सुधारणांनी कबजा न्याय्य झाला काय? झाला नाही. चांगला कारभार हा कबजेदाराचा पराक्रम नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. बळाने घेतलेल्या घराची झाडलोट उत्तम ठेवली म्हणून घर त्याचे होत नाही. आपल्याकडे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात जिंकलेल्या देशाविषयी राजास आज्ञा आहे, की त्याने तेथील लोकांस अभय द्यावे, जिंकलेल्याच्या वंशातीलच कोणास गादीवर बसवावे आणि तेथील आचार प्रमाण मानावेत. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत अन्यायाच्या भिंती बांधल्या, त्यातही ही मर्यादा आहे, हे नमूद केले पाहिजे. १९०७ च्या हेगच्या करारात कबजेदाराने तेथील प्रचलित कायदे पाळावेत असा नियम लिहिला गेला, त्याचा आशय याहून फारसा वेगळा नाही. इंग्रजांनी १८१८ मध्ये याचे बाह्यरूप पाळले: वंशातला मुलगा गादीवर बसविला, १८३० मध्ये मुलूख त्याच्या स्वाधीनही केला.

परंतु ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघुजी निपुत्रिक वारला, आणि डलहौसीने दत्तकाचा प्रश्न निकालात काढून १८५४ मध्ये सारे राज्य खालसा केले. रेसिडेंट मॅन्सेल याने याविरुद्ध शिफारस केली होती. कौन्सिलातील कर्नल लो यानेही भिन्न मत नोंदविले होते. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. आचार प्रमाण मानण्याची जी एक मर्यादा कबजेदाराने स्वतः पत्करली होती, ती त्यानेच मोडली. आणि जो युक्तिवाद १८१८ मध्ये चिमणा पटेलाविरुद्ध वापरला गेला, की गादीशी निष्ठा हीच खरी निष्ठा, तो वापरणाऱ्यांनी ती गादीच पुसून टाकली.

१८५७ मध्ये नागपुरास उठावाची तयारी होती, परंतु दुसऱ्या रघुजीची वृद्ध विधवा बाकाबाई हिने आपल्या माणसांस इंग्रजांविरुद्ध न जाण्याची ताकीद दिली. तिला कोणी भित्री म्हणाले, कोणी स्वार्थी. मला ती १८१७ पाहिलेली बाई दिसते. दक्षिणेस चांद्याकडे मात्र मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके उठला, काही महिने इंग्रजांस त्याने जेरीस आणले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. त्याच्या लढ्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. एक गोंड आपल्या राजवंशाच्या जुन्या भूमीत, भोसल्यांच्याही आधी जी गोंडांची होती तिच्यात, उभा राहिला होता. पण एप्रिल १८५८ मध्ये प्राणहितेच्या काठी तार खात्याच्या मुक्कामावर त्याच्या माणसांनी गार्टलंड व हॉल या दोघांस मारले, ते सैनिक नव्हते. शांतिपर्वात भीष्माने सांगितलेल्या युद्धधर्मात निःशस्त्रावर वार निषिद्ध आहे, आणि कारण न्याय्य असले म्हणून तो निषेध उठत नाही.

हिंसेच्या मर्यादेचा हाच प्रश्न १९४२ च्या ऑगस्टात, ‘चले जाव’ आंदोलनात, अधिक तीव्रतेने समोर आला. तुमसरला पोलिसांनी जमावावर गोळ्या चालविल्या आणि गावची माणसे पडली. त्यांचे हुतात्मा स्मारक तेथे आहे, आणि त्या गोळीबारास न्याय्य म्हणणारा आज कोणी उरला नाही. १६ ऑगस्टला शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरला मिरवणुकीवर गोळीबार झाला, लोक खवळले, आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यासह चार सरकारी नोकर जमावाने ठार केले. त्यानंतर तेथे आलेल्या गोऱ्या सोजिरांनी व पोलिसांनी गावातील स्त्रियांवर जे अत्याचार केले, ते इंग्रजी राज्याच्या अखेरच्या पानावरचा काळा डाग आहे. या दोन हिंसा सारख्या आहेत असे म्हणणे हा अन्याय होईल: एक संतापलेल्या गावाची घडीभराची, दुसरी शिस्तीतल्या सत्तेने निवांतपणे केलेली. तरीही डाक बंगल्यात सापडलेल्या त्या हिंदी नोकरांस मारणे मला समर्थनीय वाटत नाही. आणि याच वेळी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी चिमूरच्या स्त्रियांसाठी साठाहून अधिक दिवस उपवास केला. चौकशी करा एवढीच त्यांची मागणी. दिल्लीच्या सरकारने जी बातमी दाबून ठेवली होती, ती त्या क्षीण देहाने देशभर पोहोचविली. चिमूर व त्याच महिन्यात उठलेल्या आष्टी या गावांच्या खटल्यांतील फाशीच्या शिक्षा पुढे रद्द झाल्या, त्यात अनसूयाबाई काळे यांची खटपट मोठी. प्रतिकार हिंसक असल्यावाचून परिणामकारक होत नाही, असे म्हणणाऱ्यास या एका प्रकरणाचे उत्तर द्यावे लागेल. पण निःशस्त्र प्रतिकाराने प्रत्येक कबजेदार वरमतो असेही मी म्हणणार नाही. १८१८ मध्ये चिमणा पटेलाने उपवास केला असता तर त्याची वार्ता कामठ्याच्या वेशीबाहेर कोणी नेली असती?

स्वतंत्र देशासही शस्त्र धरावे लागते, आणि त्याचा भार भंडारा जिल्ह्यावरही आहे. चीनच्या आक्रमणानंतर, साठाच्या दशकात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे स्फोट होऊन किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. युद्ध न्याय्य की अन्याय्य याची चर्चा करताना या कामगारांस त्यात धरण्याची पद्धत नाही, कारण ते कोणत्याही रणात पडले नाहीत. ती पद्धत बदलली पाहिजे. देशाचे संरक्षण हे न्याय्य कारण आहे याविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच त्याची किंमत जे चुकवितात त्यांची मोजदाद पूर्ण असावी.

कामठ्याची ती जमीनदारी, जी चिमणा पटेलापासून काढून निष्ठेचे बक्षीस म्हणून दुसऱ्या घराण्यास दिली गेली, ती शंभरावर वर्षे टिकली. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशाच्या कायद्याने, कारण भंडारा तेव्हा त्या राज्यात होता, मालगुजारी व जमीनदारी हक्क संपुष्टात आले. मालगुजारांनी बांधलेले तलाव सरकारजमा झाले आणि गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे गुरे चारण्याचे, सरपण आणण्याचे, तलावाचे पाणी घेण्याचे, कागदावर नोंदले गेले. गोंड, पठाण, भोसले व इंग्रज यांपैकी कोणी लढाई पुकारताना या हक्कधारकांचे मत विचारले नव्हते.